एकास शंभर

आमची मुलगी आर्किटेक्चरला गेली तेव्हा नातेवाइकांना पेढे वाटून झाल्यावर मी निवांत बसून पाच वर्षांच्या खर्चाचा अंदाज मांडला. फी, पुस्तकं, ड्रॉइंग बोर्ड, लॅपटॉप, अधूनमधून सहली. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. बेरीज चुकायचं कारण नव्हतं. बेरीज बरोबरच होती. फक्त एक खातं उघडायचं राहिलं होतं.

ते खातं पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री पावणेदहाला उघडलं.

"बाबा, उद्या सकाळी मला गवत लागेल."

"कशाला? कॉलेजात गाय बांधलीय?"

"मॉडेलला. दोन फूट बाय दीड फूट. आणि फार हिरवं नको हं. एकाचं फार हिरवं होतं, तर सर म्हणाले हे बिलियर्डचं टेबल आहे का?"

गवत फार हिरवं असू शकतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्या रात्रीपासून पुढची पाच वर्षं मी आमच्या घराचा खरेदी विभाग होतो. पगार नाही, रजा नाही, आणि आणलेला माल परत जाण्याचं प्रमाण मोठं.

ज्यांच्या घरी आर्किटेक्चरचं कुणी नाही अशा सुखी लोकांसाठी सांगतो. मॉडेल म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीची पुठ्ठ्या-लाकडाची लहान प्रतिकृती. प्रमाण बहुधा एकास शंभर. खऱ्या जगातला एक मीटर तिथे एक सेंटिमीटर होतो. मोठी वसाहत असेल तर एकास दोनशे, एकास पाचशे. ऐकायला हे चौथीच्या गणितासारखं वाटतं. अडचण एवढीच की हे प्रमाण जगातल्या कुठल्याही कारखानदाराला कुणी कळवलेलं नाही.

भिंतीचंच घ्या. नऊ इंची विटेची भिंत म्हणजे २३० मिलिमीटर. एकास शंभरला ती २.३ मिलिमीटर झाली. मी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात गेलो.

"२.३ मिलिमीटरचा बोर्ड आहे का?"

"तीन आहे, पाच आहे."

"सव्वादोन चालेल."

"तीन आहे, पाच आहे."

"अहो, पण भिंत जाड होते त्याने."

"भिंत?" दुकानदाराने पहिल्यांदाच मान वर केली. "भिंतीला सिमेंट लागतं, काका. इथे स्टेशनरी मिळते."

मी तीनचा सनबोर्ड घेतला आणि आमच्या मुलीच्या मॉडेलमधल्या बालवाडीच्या सगळ्या भिंती एक फुटाच्या झाल्या. तिच्या एका मित्राच्या वडिलांनी पाचचा घेतला होता. त्याची बालवाडी अर्धा मीटर जाडीच्या भिंतींत उभी राहिली. गनिमाने वेढा घातला असता तरी आतली मुलं निर्धास्त डबा खात बसली असती.

या पाच वर्षांत पुणं मला नव्याने कळलं. माउंट बोर्ड, बटर पेपर, आयव्हरी शीट अप्पा बळवंत चौकात. पासोड्या विठोबाशेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तांब्याची बारीक तार आणि तांदळाएवढे दिवे. बांबूच्या कामट्या बुरुड आळीत. प्लायवरच्या वेनिअरचे उरलेसुरले तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. ज्याला नाव नाही ते सगळं बोहरी आळीत. आणि ज्याला नावही नाही आणि मालकही नाही ते बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. एका लहानशा घरासाठी मी शहराच्या पूर्वभागाला प्रदक्षिणा घालत असे. खरं घर बांधणारा कंत्राटदार एवढा हिंडत नसेल.

पण हिंडणं हे कष्टाचं काम नव्हे. कष्टाचं काम म्हणजे दुकानदाराला आपल्याला काय हवंय ते सांगणं. बाजारातली प्रत्येक वस्तू तिच्या कामाच्या नावाने ओळखली जाते. चहाची गाळणी, मोरीची जाळी, मच्छरदाणी. आणि मला ती नेमकी त्या कामासाठी नको असायची.

"जाळी पाहिजे."

"कशाची? डासांची, उंदरांची, का कोंबड्यांची?"

"खिडकीची."

"मग डासांची घ्या. खिडकी केवढी?"

"दीड सेंटिमीटर."

बोहरी आळीतल्या त्या सद्गृहस्थांनी गल्ल्यावरचा चष्मा उचलून डोळ्यांवर ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "काका, डास केवढा आहे तुमच्याकडे?"

खरं बोलण्यात अर्थ नाही हे मी लवकरच शिकलो. खरं बोललं की दुकानदार एक तर हसतो, नाहीतर सल्ला देतो, आणि सल्ला देताना वस्तू द्यायची राहते. त्यामुळे मी खोटी कारणं वापरू लागलो. भांडी घासायच्या हिरव्या घासण्या डझनभर घेताना "घरी कार्य आहे" असं म्हणायचं. पॉलिश पेपरचे सगळे नंबर एकेक मागताना "सुतार बसलाय" म्हणायचं. घासणी पिंजली की झुडपं होतात आणि काळा पॉलिश पेपर पालथा न घालता तसाच चिकटवला की डांबरी रस्ता होतो, हे सांगून कुणाच्या संसाराची घडी कशाला विस्कटायची?

त्या पहिल्या रात्रीच्या गवताचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पावणेदहाला कुठलं दुकान उघडं असणार? मी हताश होऊन जिन्यात उभा होतो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन उतरल्या. या काकूंनी आपल्या हयातीत किमान चाळीस लग्नांची रुखवतं मांडली असतील. सुपारीचे भटजी, खडीसाखरेचा वाडा, लवंगांची तुळस ही त्यांची कामं गोतात प्रसिद्ध. मी त्यांना गवत विचारलं.

"त्यात काय आहे? भुसा," काकू म्हणाल्या. "वखारीतला बारीक भुसा. मैद्याच्या चाळणीने चाळायचा. हिरव्या रंगात थोडा पिवळा घालायचा आणि चिमूटभर तपकिरी, म्हणजे बटबटीत दिसत नाही. कालवून कागदावर पसरायचा, वाळला की परत चाळायचा. फेव्हिकॉलात पाणी घालून ब्रशने लावायचं, वरून भुसा भुरभुरायचा, आणि उरलेला झटकून टाकायचा. माझ्याकडे आहे थोडा. वर या."

रुखवताच्या पेटीत हिरव्या रंगाच्या तीन छटांचा भुसा जुन्या बरण्यांतून भरून ठेवलेला होता. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या: 'पावसाळी', 'उन्हाळी', 'देवळाभोवतीचं'.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मॉडेल ही काही आमच्या घरात बाहेरून आलेली गोष्ट नाही. मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या मॉडेलंच करत आलंय. दिवाळीत पोरं गोणपाट आणि चिखलाचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. गणपतीत मखर, मुलीच्या लग्नात रुखवत, आणि तुळशीबागेतून आणलेली भातुकली तर बारा महिने. माल कुठे मिळतो, काय कशावर चिकटतं, ऐनवेळी कशाऐवजी काय चालतं, हे सगळं ज्ञान घरात होतंच. आमच्याकडे नव्हतं ते एकच: प्रमाण. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज सहा इंचांचे असतात, दरवाजा तीन इंचांचा, पायथ्याचा गवळी महाराजांच्या खालोखाल, आणि त्याची गाय मावळ्यापेक्षा लहान. महाराजांना त्या दरवाजातून आत जाता येणार नाही, असा प्रश्न कुणाही पोराला पडलेला मी पाहिला नाही. आणि का पडावा? महाराज दरवाजापेक्षा मोठेच होते.

आर्किटेक्चरच्या कॉलेजात मात्र हे चालत नाही. तिथे सगळ्यांना सारखं लहान व्हावं लागतं. साडेपाच फुटांचा माणूस एकास शंभरला सतरा मिलिमीटरचा होतो. एकास पाचशेला जेमतेम साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एका साबुदाण्याएवढा. तयार प्लॅस्टिकची माणसं पाकिटात मिळतात, पण त्यांच्या हातात ब्रीफकेस असते आणि अंगात कोट. आमच्या मुलीला मंडई दाखवायची होती. कोटातले चाळीस साहेब भाजी घेताना बरे दिसले नसते. शेवटी तिने टाचण्या घेतल्या, डोक्याखाली कागदाचा चिमुकला त्रिकोण गुंडाळला की लुगडं, सरळ पट्टी गुंडाळली की सदरा. मोटारींची तीच रड. खेळण्याच्या दुकानातल्या ओळीने मांडलेल्या छान छान गाड्या साधारण एकास चौसष्ट प्रमाणाच्या असतात. त्या मॉडेलवर ठेवल्या की टप घराच्या दारापेक्षा उंच होतो.

प्रमाण एकदा डोक्यात शिरलं की माणूस कामातून जातो. जेवताना माझी नजर ताटावर ठरेना. रव्याचा कण अर्धा मिलिमीटर धरला तर एकास शंभरला तो पाच सेंटिमीटरचा झाला, म्हणजे रस्त्याची खडी. खसखस म्हणजे दहा सेंटिमीटरचा दगड. मोहरी म्हणजे गडग्याला लागणारा गोटा. साबुदाणा म्हणजे बागेत बसायला ठेवतात तसला धोंडा. फणीचा दात म्हणजे कठडा, अगरबत्तीची काडी म्हणजे पाण्याचा पाइप, खराट्याचा हीर म्हणजे कोकणातल्या घराचा वासा. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा मसाल्याचा डबा उघडला तेव्हा मोहरीच्या वाटीत खाली चिठ्ठी निघाली: 'आई, कंपाउंडला घेतलीय, आणून ठेवते.'

"अन्नाचं काय खेळणं करता?" असा प्रश्न घरात उठणारच होता. तो उठला तेव्हा मुलीने इटलीतला दाखला दिला. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट पंधराव्या शतकात ज्याने उभा केला, तो ब्रुनेलेस्की गवंड्यांना दगडाचे सांधे समजावून सांगायला हिवाळ्यात बाजारात येणारे मोठाले सलगम कोरून नमुने करायचा, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. यावर घरातून उत्तर आलं, "मग संध्याकाळी त्याची भाजी करत असतील. तुझी मोहरी फेव्हिकॉलातून काढून फोडणीला घालता येत नाही."

शिवाय अन्नाच्या मॉडेलचं दुसरंही एक दुखणं असतं. कोकणातल्या पर्यटक निवासाचं एक मॉडेल होतं. त्याचा समुद्रकिनारा बारीक रव्याचा केला होता. फार सुरेख दिसत होता. रात्री दोनला मुलगी झोपली आणि पहाटे पाचला उठून पाहते तो किनारा आत सरकलेला. मुंग्यांची रांग रवा घेऊन मॉडेलवरून भिंतीकडे चालली होती. मुंगी तीन मिलिमीटरची धरा. त्या जगात ती मांजराएवढी झाली. अशी हजारभर मांजरं पर्यटकांच्या अंगावरून वाळू उपसा करत होती. आणि मग आलं झुरळ. साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन मीटर: छोट्या मोटारीएवढं, सहा पायांचं, थेट स्वागतकक्षात. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. चप्पल उचलली, पण मारायची कशी? चप्पल अठ्ठावीस मीटर लांब होती. सगळं पर्यटक निवास एका फटक्यात गेलं असतं.

झाडांचा विषय तर स्वतंत्र पुस्तकाचा आहे. इमारत कटरने कापता येते, झाड कापून होत नाही. आधी तांब्याची तार पिळून बुंधा आणि फांद्या करायच्या, त्यावर पिंजलेली घासणी नाहीतर रंगवलेला स्पंज. हे एक झाड वीस मिनिटांचं. कॉलेजातल्या बाईंना ऐंशी झाडं हवी होती. मग वाळलेलं काय काय मिळतं याचा शोध सुरू झाला. शेपूचा वाळलेला तुरा म्हणजे छत्रीसारखं पसरलेलं झाड. घोसाळ्याची वाळलेली जाळी आडवी कापली की करवंदीची जाळी. पुष्पगुच्छात गुलाबांच्या मधे भरीला घालतात ती पांढऱ्या बारीक फुलांची जिप्सोफिला वाळली की बहरलेला वृक्षच. त्यासाठी मी लग्नांना जाऊ लागलो. पूर्वी मी आहेर देऊन जेवणाच्या पंगतीकडे वळायचो. आता स्टेजमागे वळून टाकून दिलेले गुच्छ गोळा करायचो. एका कार्यालयात मला फुलवाल्याचा माणूस समजून कुणीतरी पन्नास रुपये दिले. ते मी त्या लग्नातल्या आहेराच्या वसुलीत धरले.

पण सगळ्यांत उत्तम झाड आमच्याच गॅलरीत निघालं. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या. बारीक, सरळ, वर निमुळत्या. लांबून पाहिलं तर हुबेहूब सुरूचं बन. आजी, म्हणजे माझी आई, काठी टेकत आली आणि विचारलं, "तुळस मोडून झाडं करताय?" मुलगी म्हणाली, "आजी, देवळाचं मॉडेल आहे." आजी गप्प झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मंजिऱ्या खुडून वर्तमानपत्रावर वाळत घालू लागली. देऊळ नव्हतं, बस स्थानक होतं. पण बस स्थानकात एक देऊळ असतंच, असं मुलीचं म्हणणं.

आता चिकटवणं. गोंदांचं एकमेकांशी जमत नाही, ही गोष्ट शाळेत कुणी शिकवत नाही. लाकडाला चालतो तो प्लॅस्टिकला चालत नाही, प्लॅस्टिकला चालतो तो कागदाला डाग पाडतो, आणि तीन सेकंदांत चिकटणारा असतो तो फक्त बोटांना चिकटतो. वासाचा जो गोंद चपलेला लावतात तो थर्माकोलला लावला की थर्माकोल विरघळतं. हे आम्हांला एका टेकडीने शिकवलं. शेजारच्या नव्या फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल मी मोठ्या मिनतवारीने मिळवलं होतं. मुलीने त्याची झोकदार टेकडी कोरली, वर गोंद फासला आणि चहा घ्यायला गेली. परत येईपर्यंत टेकडीचा तलाव झाला होता. पुढे २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, मखरांबरोबर आमच्या टेकड्याही गेल्या, आणि आम्ही वाण्याकडच्या खोक्यांवर आलो. पाच मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे अर्ध्या मीटरचा चढ. एकावर एक थर रचत गेलं की डोंगर. फक्त वाकून पाहिलं तर कड्यावर 'नाजूक माल, सांभाळून हाताळा' अशी अक्षरं दिसतात. पश्चिम घाटाबद्दल ते काही खोटं नाही.

ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायचं तर त्याला क्लोरोफॉर्म लागतं. ते दोन्ही कडा जराशा विरघळवतं, उडून जातं, आणि सांधा पक्का बसतो. सोडायचं असतं थेंबाथेंबाने, म्हणून इंजेक्शनची सिरिंज. औषधाच्या दुकानात मी सिरिंज मागितली.

"कुणासाठी?"

"इमारतीसाठी."

त्यांनी दिली, पण बिलावर माझं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. त्या रात्री स्कूटरला अडकवलेल्या माझ्या पिशवीत एक बाटली क्लोरोफॉर्म, दोन सिरिंजा, ११ नंबरची सर्जिकल ब्लेडं, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि रबरी हातमोजे होते. पुलावर नाकाबंदी होती. हवालदाराने पिशवीत विजेरी मारली. पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पिशवी पाहिली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"आर्किटेक्चर का?" तो म्हणाला.

"हो."

"कितवं वर्ष?"

"दुसरं."

"अजून तीन?" त्याने सुस्कारा सोडला. "आमची भाची आहे. जा, काका. जपून जा."

एवढं सगळं करून मॉडेल तयार झालं की ते कॉलेजात न्यायचं असतं. त्यात बाल्साचं असेल तर देवाचं नाव घ्यायचं. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरातून येणारं, बाजारातलं सगळ्यांत हलकं लाकूड. शास्त्राच्या वर्गवारीत त्याची गणना कठीण लाकडांत होते, कारण ते रुंद पानांचं झाड आहे. एरवी त्याला नखाने खड्डा पडतो. १९४७ साली थोर हायरडाल नावाच्या नॉर्वेजियन माणसाने याच लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा करून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवस पॅसिफिक महासागर पार केला. आमच्या मुलीने त्याच लाकडाचं सभागृह करून रिक्षाने साडेचार किलोमीटर पार केले. तिसऱ्या गतिरोधकाला छप्पर गेलं. पॅसिफिकमध्ये गतिरोधक नसतात.

एका महिन्याचं बिल पाहून मी जरा आवाज चढवला, तेव्हा मुलीने मला लंडनला नेलं. तिथल्या सेंट पॉल कॅथीड्रलसाठी क्रिस्टोफर रेनने १६७३-७४ मध्ये ओक लाकडाचं मॉडेल करवून घेतलं. जवळजवळ चार मीटर उंच, सहा मीटरांहून लांब. त्या पैशांत तेव्हा लंडनात एक चांगलं घर आलं असतं. मी विचारलं, मग तसंच कॅथीड्रल बांधलं का? म्हणाली, नाही, ते डिझाइन नामंजूर झालं. मॉडेल मात्र अजून आहे. मी बिल भरलं. बार्सिलोनाच्या गौदीने तर दोऱ्या उलट्या टांगून, त्यांना शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या बांधून एका चर्चच्या कमानींचा आकार शोधला. त्यात दहा वर्षं गेली. छरे कुणी आणून दिले, असा प्रश्न मला पडला. गौदीचे वडील तांबट होते म्हणे. म्हणजे त्यांच्याकडे निदान तांब्याची तार तरी घरची असणार.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प होता जुन्या गावात नवं वस्तुसंग्रहालय. मागची सगळी भिंत काचेची, आणि काच हवी जराशी निळसर. बाजारात पारदर्शक शीट मिळत होती, निळी जिलेटीन मिळत होती. जराशी निळसर कुठे मिळेना. सबमिशनच्या आदल्या रात्री मुलीची नजर कपाटावरच्या मोठ्या लिफाफ्यांकडे गेली. आजीचे एक्स-रे. फिल्म ब्लीचमध्ये धुतली की वरचं चित्र जातं आणि खाली स्वच्छ निळसर काच उरते, हे तिला सीनियर मुलांनी सांगितलं होतं. चार फिल्मा निघाल्या. तीन धुऊन झाल्यावर ब्लीच संपलं. रात्रीचे अडीच वाजले होते, आणि या वेळी गवताच्या काकूही झोपलेल्या असतात. चौथी फिल्म तशीच मागच्या भिंतीला लागली. काळीच तर दिसतेय, कोण पाहणार?

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे मॉडेल मांडायच्या वेळी, पालकांना प्रवेश नसतो. पण मॉडेल वाहून आणणाऱ्या हमालांना खिडकीबाहेर उभं राहू देतात. आम्ही तिघं-चौघं बाप तिथे होतो. मुलगी उभी राहिली. चार दिवसांत मिळून सहा तास झोप. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी, परिणाम साधावा म्हणून, आतले दिवे लावले. पासोड्या विठोबाचे तांदळाएवढे दिवे.

संग्रहालय उजळलं. आणि मागच्या काचेवर माझ्या आईचा डावा गुडघा प्रकट झाला. वर मांडीचं हाड, खाली नडगी, मधे वाटी. सहा मीटर उंच.

वर्गात शांतता पसरली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक पुढे झाले, वाकले, चष्मा सारखा केला.

"हे काय आहे?"

मला खिडकीतून तिचा चेहरा दिसत होता. तो सगळ्या भावनांच्या पलीकडे गेलेला होता.

"सांधा, सर," ती म्हणाली.

"सांधा?"

"जुनं गाव आणि नवी इमारत. त्या दोघांमधला सांधा. तिथेच दुखतं, सर."

परीक्षकांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीतरी मान डोलावली. वहीत काहीतरी लिहिलं गेलं. पुढे पाच मिनिटं ते सगळे माझ्या आईच्या गुडघ्यासमोर उभं राहून परंपरा आणि आधुनिकता यांविषयी बोलत होते. गुण चांगले पडले. संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणाला होता, या गुडघ्यात आता काही राम नाही."

आता मुलगी नोकरीला आहे. तिच्या ऑफिसात लेझर यंत्र आहे. संगणकावरून रेघ पाठवली की ते एमडीएफ सुरीसारखं कापतं, फक्त कडा करपतात आणि दिवसभर खोलीत होमासारखा वास राहतो. भिंत २.३ मिलिमीटरची हवी तर तशीही निघते, थ्री-डी प्रिंटरमधून. झाडं मात्र अजून यंत्रातून उगवत नाहीत. परवा तिचा फोन आला, "बाबा, आजी मंजिऱ्या वाळवते ना अजून?"

मी हिशेब मांडून पाहिला. पाच वर्षांत विकत आणलेल्या मालातलं बरंचसं वाया गेलं. उपयोगी पडलं ते बहुतेक सगळं घरातच होतं. फक्त त्याचं नाव विसरून त्याच्याकडे पाहायला लागलं. घासणीला घासणी म्हणत राहिलो असतो तर एक झुडूप उगवलं नसतं.

गेल्या आठवड्यात रात्री अकराला बेल वाजली. तळमजल्यावरचा मुलगा यंदाच आर्किटेक्चरला गेलाय. डोळे तारवटलेले, बोटं गोंदाने जुळलेली. "काका, जुना एक्स-रे आहे का हो?" मी माळ्यावर चढलो. आतून आजीने हाक मारली, "डावा देऊ नकोस रे, त्याचे मार्क लागून झालेत. उजवा दे."

तेव्हा वाचकहो, घरात जुने एक्स-रे, फाटकी चाळणी, मोडकी फणी किंवा वाळलेला शेपू असेल, तर भंगारात नाहीतर कचऱ्यात टाकण्याआधी आपल्या इमारतीत कुणी आर्किटेक्चरला आहे का, एवढं विचारून घ्या. रात्री दोनला ज्या खिडकीत दिवा दिसेल, ते घर.